टी ट्री तेल: दलदलीतून चेहऱ्यापर्यंत

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याच्या ईशान्येकडील दलदलीत टी ट्री म्हणजेच मेलाल्युका अल्टर्निफोलिया हे झाड वाढते. चहाशी त्याचे काही नाते नाही. तिथले बुंजालुंग आदिवासी त्याची पाने चुरडून जखमांवर लावत. 1920च्या दशकात सिडनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी या पानांचे तेल कार्बोलिक आम्लापेक्षा कितीतरी पट जंतुनाशक असल्याचे दाखवले आणि धंदा उभा राहिला. मजूर कोयत्याने फांद्या छाटत आणि पाला भट्टीवरच्या टाकीत ठासून भरत. वाफ थंड झाली की फिकट पिवळे तेल पाण्यावर तरंगे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके आली, मागणी ओसरली. पुढे नैसर्गिक उपचारांच्या लाटेत मोठ्या लागवडी झाल्या.

या तेलाची मुरुमांवरची गाजलेली चाचणी 1990 मधली. 124 रुग्णांवर 5 टक्के तेलाची तुलना 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडशी झाली. तेलाचा गुण उशिरा आला, पण दुष्परिणाम कमी झाले. मात्र मोजले गेले ते मुरूम. मागे राहिलेले डाग किंवा खड्डे नव्हेत. डाग घालवण्याच्या जाहिराती याच चाचणीच्या पुण्याईवर चालतात, हे जरा अतीच. उलट हवा लागून बिघडलेले तेल त्वचेला झोंबते, आणि सावळ्या कातडीवर त्या दाहातूनच नवा डाग उमटू शकतो.