आश्विनातील शाळा

आश्विन महिना लागला म्हणजे आपल्याकडील हायस्कुलांत मोठी लगबग सुरू होते. पाऊस परतीच्या वाटेला लागलेला असतो, रानात सोयाबीन पिवळे पडलेले असते, आणि शाळेत एकाच वेळी तीन कामे चाललेली असतात. वर्गांतून सहामाही परीक्षेची उजळणी होते. चित्रकलेच्या तासाला एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांसाठी मुले रंग कालवीत बसतात. मैदानावर तालुक्याच्या व जिल्ह्याच्या शालेय सामन्यांसाठी खो-खो आणि कबड्डीचा सराव चालतो. मग दसऱ्याचे पाटीपूजन होते, आणि त्यामागून दिवाळीची सुट्टी.

भगिनींनो, हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते पूर्वापार असेच चालत आले असावे असे वाटते. परंतु तसे नाही. विद्या, कला आणि खेळ या तिन्ही गोष्टी आपल्या मराठवाड्याला फार उशिरा व फार कष्टाने मिळाल्या, आणि त्यातही मुलींच्या वाट्याला त्या सर्वांत शेवटी आल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी आहे. घरातील वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले आणि सवडीने जे वाचले, ते आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत मांडावे एवढाच माझा हेतू आहे.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी, १९४८ पर्यंत, हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८८४ साली संस्थानच्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेही उर्दू माध्यमाचेच. प्राथमिक शाळेला तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कुलाला फौकानिया म्हणत. जुनी माणसे अजूनही हे शब्द सहज बोलून जातात. आमच्या आजेसासऱ्यांची सही उर्दूत होती, आणि घरातील जमिनीचे जुने कागद वाचून घ्यावयाचे तर आजही जाणत्या माणसाचे घर गाठावे लागते.

उर्दू भाषा गोड आहे, आणि ती आपल्या शेजाऱ्यांची भाषा आहे. भाषेचा यात काहीच दोष नव्हता. पण ज्या मुलाच्या घरी आई ओव्या म्हणते, त्याला गणित आणि भूगोल परक्या भाषेत शिकावा लागला तर त्याची निम्मी शक्ती शब्द समजण्यातच खर्च होते. त्यामुळे पुष्कळ मुले मधल्या शाळेतूनच घरी बसत. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई फुले मुलींना शिकवू लागल्या होत्या. तो वारा आपल्या खेड्यांपर्यंत पोचावयास शंभर वर्षे लागली.

लोकांनी स्वतः मराठी शाळा काढाव्या तर तीही गोष्ट सोपी नव्हती. खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे. तशाही काळात जिद्दीच्या माणसांनी शाळा उभ्या केल्या. औरंगाबादला १९१५ साली सरस्वती भुवन, अंबाजोगाईला १९१७ साली योगेश्वरी नूतन विद्यालय आणि हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याचे आणि मग अंबाजोगाईचे शिक्षक होते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

जी गत शाळेची तीच आखाड्याची. तालीम किंवा आखाडा काढावयाचा तर त्यासाठीही परवानगी लागे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे वऱ्हाड. तेथे अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, आणि १९३६ साली त्याचे खेळाडू जर्मनीत बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. नदीच्या त्या काठावरचे तरुण बर्लिनला जाऊन आले, तेव्हा या काठावरच्या तरुणांना दंड-बैठका काढण्याच्या जागेसाठीही अर्ज करावा लागे. १९३८-३९ साली आर्य समाजाने निजाम राज्यात मोठा सत्याग्रह केला, त्याच्या मागण्यांत खासगी शाळा व आखाडे यांवरील बंधने उठवावीत हीही मागणी होती. हिंगोलीतील माणिक स्मारक आर्य विद्यालय आणि आर्य कन्या विद्यालय यांची नावे उच्चारताना आर्य समाजाच्या त्या काळाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

राहिली कला. गाणे म्हणावयास तरी कोणाची परवानगी कशाला हवी, असे आज वाटेल. पण १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले, आणि त्यावर बंदी आली. ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचले. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला म्हणून त्यांचे शिक्षण वाचले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच चळवळीतले विद्यार्थी. शिकण्यासाठी दूरदेशी जावे लागणारे ते एकटे नव्हते. आपल्याच कडोळी गावी १९१६ च्या ऑक्टोबरात जन्मलेले नानाजी देशमुख यांचे हायस्कुलाचे शिक्षण पार राजस्थानातील सीकरला झाले. गरीब घरच्या त्या मुलाला पुढे २०१९ साली भारतरत्न मिळाले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. म्हणूनच दर वर्षी १७ सप्टेंबरला आपल्या शाळांतून मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. त्यानंतर मराठी मुलांसाठी मराठी शाळांची वाट मोकळी झाली. १९५२-५३ साली मुदलियार आयोगाने पुस्तकी विषयांच्या जोडीला हाताचे शिक्षण देणाऱ्या बहुविध शाळा असाव्यात असे सुचविले. ‘बहुविध प्रशाला’ हे नाव त्याच काळाचे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर गावोगावच्या शाळांना घरचा धनी मिळाला.

पण मुलींचे काय? मुलींना शाळा नव्हती तेव्हाही त्यांना कला नव्हती असे नाही. वऱ्हाडाला लागून असल्याने आपल्याकडेही भुलाबाईची गाणी आली. सासर-माहेरची सुखदुःखे त्यांत गुंफलेली असतात. ठिपक्यांची रांगोळी काढताना हात आपोआप भूमिती शिकतो. आज तीच मुलगी रेखाकला परीक्षेला बसते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढते, कंपास धरून अचूक वर्तुळ आखते. इंटरमीजिएट परीक्षेत उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुणही मिळतात. उंबऱ्याबाहेरची कला शाळेच्या कागदावर आली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

खेळाचेही तसेच. खो-खोचे नियम ठरविण्यासाठी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली समिती नेमली गेली. आठ जणींनी आलटून पालटून तोंडे करून बसावे, नववीने पाठलाग करावा. ना बॅट लागते, ना महागडे बूट. गरिबाच्या लेकीला यापेक्षा सोयीचा खेळ कोणता? तरीही मैदान आधी मुलांचे आणि मग मुलींचे, हाच क्रम राहिला. आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, तर स्त्रियांची २०१० साली. मध्ये वीस वर्षे गेली. परंतु संधी मिळताच मुलींनी काय केले पाहा. आपल्या मराठवाड्यातील धाराशिवची सारिका काळे २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाची कर्णधार होती, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला.

हे वाचून मन भरून येते. पण येथेच थांबून चालणार नाही. ज्या महिन्यात शाळा सर्वांत अधिक रंगते, त्याच महिन्यात आपल्या मुली शाळेतून नाहीशा होतात. सोयाबीनची काढणी आणि सहामाही परीक्षा एकाच वेळी येतात. मागून कापसाची वेचणी लागते. दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाडीत संसार भरून कारखान्याची वाट धरतात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळावयास थोरली मुलगी बरोबर जाते. माझ्या माहेरी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दोन कोसांवर, वाटेत ओढा. भावाला सायकल मिळाली, मला खुरपे मिळाले. त्या वर्षी आश्विनात मी भावाच्या नकाशांत रंग भरून देत असे. तेवढीच माझी आठवी.

आज दिवस पालटले आहेत. मानव विकासच्या निळ्या बसगाड्या मुलींना शाळेत नेतात, सायकली मिळतात, एस. टी. चा मोफत पास आहे. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सक्तीचे छत्र चौदा वर्षे वयापर्यंतच आहे. म्हणजे मुलगी आठवी ओलांडून खऱ्या अर्थाने हायस्कुलात पाऊल टाकते, तेथेच ते संपते. त्यापुढे तिला शाळेत ठेवणे हे कायद्याचे नव्हे, तर घरातल्या माणसांचे काम आहे. आणि घरात हा निर्णय होताना आपण बायकाच चुलीपाशी बसून तो ऐकत असतो.

तेव्हा माझी एक सूचना आहे. दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दीडशेहून अधिक वर्षांच्या परंपरेचा उत्सव पाहावयास आपण सर्वजणी जातोच. तसेच सहामाहीचे आठ-दहा दिवसही मंडळाने आपल्या अंगावर घ्यावेत. आळीपाळीने कोणाच्या तरी ओसरीवर लहान मुले सांभाळावीत, म्हणजे थोरल्या बहिणीला पेपर देता येईल. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की वर्गात कोणती मुलगी परत आली नाही याची गुरुजींकडे चौकशी करावी, आणि दोघीतिघींनी मिळून तिच्या घरी जाऊन बसावे. भांडावयाचे नाही, चहा घ्यावयाचा आणि तिच्या आईशी बोलावयाचे. जी कुटुंबे ऊसतोडीला जाणार त्यांना हंगामी वसतिगृहाची माहिती दसऱ्याच्या आधीच पोचली पाहिजे. गाडी निघाल्यावर सांगून उपयोग नाही.

एके काळी आपल्या पूर्वजांना शाळेसाठी, आखाड्यासाठी आणि गाण्यासाठीही परवानगी मागावी लागली, आणि ती बंधने त्यांनी मोडून काढली. आता आपल्या लेकींना परवानगी द्यावयाची आहे ती आपल्या घरातूनच. ती आपण मोकळ्या मनाने द्यावी, एवढेच मागून मी हा लेख पुरा करते.