दिवे बसवले म्हणून डर्ट बाइक रस्त्याची होत नाही

पुढचे मडगार्ड चाकापासून वीतभर वर, आसन उंच आणि अरुंद, टायरांवर बोटाच्या पेराएवढे रबरी गोटे आणि अंगावर ना दिवा ना आरसा. डर्ट बाइक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दुचाकीचे आकर्षण शहरी तरुणांत वाढते आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा मातीच्या उंचवट्यांवरून झेपावणाऱ्या या गाड्या अनेकांनी प्रथमच जवळून पाहिल्या. अशी गाडी घेऊ पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. हेडलाइट, हॉर्न, आरसे आणि नंबर प्लेट बसवली, तर ती रस्त्यावर चालवता येईल का?

अमेरिकेतील हौशी चालकांच्या चित्रफिती पाहिल्या तर उत्तर ‘होय’ असे वाटते. भारतीय कायद्याचे उत्तर मात्र, खासगी मालकापुरते बोलायचे तर, ‘नाही’ असेच आहे. त्याचे कारण दिव्यांत वा हॉर्नमध्ये नाही. ते कागदांत आहे. हे कारण गाडी घेण्यापूर्वी समजून घेतले नाही, तर लाखो रुपयांची गाडी आणि एखाद्या पादचाऱ्याच्या आयुष्याची भरपाई, असे दोन्ही भार मालकाच्या डोक्यावर येऊ शकतात.

मातीवरच्या गाड्यांचे तीन प्रकार

‘डर्ट बाइक’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. प्रत्यक्षात मातीवर धावणाऱ्या गाड्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार मोटोक्रॉसच्या गाड्यांचा. कावासाकीची केएक्स किंवा सुझुकीची आरएम-झेड मालिका ही त्याची भारतात विकली गेलेली उदाहरणे. या गाड्या केवळ बंदिस्त ट्रॅकसाठी बनतात. त्यांचे वजन कमी राखण्यासाठी दिवे, स्पीडोमीटर, साइड स्टँड वगळलेले असते आणि इंजिनाची देखभाल किलोमीटरवर नव्हे, तर चालवलेल्या तासांवर मोजली जाते.

दुसरा प्रकार रॅली आणि एंड्युरो स्पर्धांच्या गाड्यांचा. डाकारसारख्या रॅलीत एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाताना सार्वजनिक रस्ता वापरावा लागतो. त्यामुळे वाळवंटातून धावणाऱ्या या गाड्यांवरही दिवे आणि नोंदणी क्रमांक असतो. तिसरा प्रकार ड्युअल स्पोर्ट, म्हणजे दुहेरी वापराच्या गाड्यांचा. १९६८ मध्ये यामाहाने डीटी-१ ही गाडी बाजारात आणली आणि रोजच्या रस्त्यावर व मातीच्या वाटेवर सारखीच चालणारी दुचाकी ही कल्पना जगभर रुजली.

भारतात हा प्रवास बराच काळ उलट्या दिशेने झाला. मुळात मातीची गाडी मिळतच नसल्याने १९८० आणि ९० च्या दशकांत यामाहा आरएक्स १०० किंवा सुझुकी शोगनसारख्या रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक गाड्यांत फेरफार करून त्या डर्ट ट्रॅकवर उतरवल्या जात. हीरोची इम्पल्स २०११ मध्ये आली आणि दुहेरी वापराची गाडी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली.

मान्यता नमुन्याला

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही आणि मालकाला ते दुसऱ्याला चालवूही देता येत नाही. नोंदणीसाठी विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म २१, आणि निर्मात्याने दिलेले रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २२, ही दोन कागदपत्रे आवश्यक असतात. प्रदूषणाची मानके, सुट्या भागांची सुरक्षा आणि रस्त्यावर चालण्याची योग्यता या तिन्हींची हमी निर्माता फॉर्म २२ वर देतो.

ही हमी मनास येईल तशी देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे प्रत्येक मॉडेलचा नमुना ठरवून दिलेल्या चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्थांपैकी काही महाराष्ट्रातच आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआय, भोसरीची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांतल्या प्रमुख. इंजिनाचा धूर, ब्रेक, दिव्यांची तीव्रता, हॉर्न, आवाज, आरसे अशा अनेक कसोट्यांना उतरल्यावर त्या मॉडेलला ‘टाइप अप्रूव्हल’ मिळते. त्यानंतर त्या नमुन्याबरहुकूम बनलेली प्रत्येक गाडी नोंदणीस पात्र ठरते.

मोटोक्रॉसची गाडी या वाटेने आलेलीच नसते. निर्मात्याने ती ‘रस्त्यावर वापरासाठी नाही’ असे सांगूनच विकलेली असते. त्यामुळे विक्रेता फॉर्म २२ देऊ शकत नाही आणि त्या कागदाविना आरटीओत पासिंग होत नाही. निरीक्षकाने गाडी डोळ्यांनी पाहून ‘दिवे आहेत, हॉर्न आहे, चालेल’ असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

दिवे लावल्यानंतरही उरते ते

क्षणभर कागद बाजूला ठेवले, तरी काम दिव्यांवर संपत नाही. नव्या गाड्यांना १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ चे प्रदूषण निकष लागू आहेत. शर्यतीच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो आणि तिचा आवाजही मर्यादेबाहेर असतो. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून अँटी-लॉक ब्रेक अर्थात एबीएस अनिवार्य झाले. मोटोक्रॉसच्या गाडीत ते नसते. इंजिन सुरू होताच हेडलाइट आपोआप लागण्याची सक्ती २०१७ पासून आहे. पण ट्रॅकवरच्या गाडीतील विद्युतयंत्रणा सतत दिवे पुरवण्यासाठी घडवलेलीच नसते. मातीत रुतून पकड घेणारे गोट्यांचे टायर डांबरावर, विशेषतः ओल्या डांबरावर, कमी पृष्ठभाग टेकवतात आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते.

म्हणजे बाजारात मिळणारा दिव्यांचा संच गाडीला रस्त्याचे रूप देतो. तिच्यात रस्त्याची शिस्त आणत नाही.

नोंदणी झालेल्या गाडीतील बदल

मग उलट करता येईल का? आधीच पासिंग झालेली गाडी घेऊन तिला डर्ट बाइकचे रूप द्यावे, असा विचार पुष्कळ जण करतात. येथे कलम ५२ आडवे येते. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील माहिती विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा विजेवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवणे, असे मोजके अपवाद आहेत. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे मांडला आणि मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार अमान्य ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या नियमाचा अर्थ हीरोच्या एक्सपल्स २०० या गाडीवरून नीट उमगतो. ही गाडी २०१९ मध्ये आली. पुढच्या वर्षी कंपनीने तिच्यासाठी लांब सस्पेन्शन, उंच आसन व गोट्यांचे टायर असलेला रॅली संच विकायला काढला. पण तो बसवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, असेही स्पष्ट केले. नंतर याच धर्तीचे बदल कारखान्यातच केलेली, मान्यता घेतलेली आवृत्ती कंपनीने आणली. २०२३ च्या ‘प्रो’ आवृत्तीत पुढच्या सस्पेन्शनची हालचाल १९० वरून २५० मिलिमीटर आणि जमिनीपासूनची उंची २२० वरून २७० मिलिमीटर झाली. ही गाडी मात्र रीतसर नोंदणीस पात्र होती. बदल जवळपास तेच. फरक इतकाच, की एकाची चाचणी झाली होती आणि दुसऱ्याची नाही.

परदेशातील चित्र

अमेरिकेत गाडीची नोंदणी हा राज्यांचा विषय आहे. ॲरिझोनासारख्या राज्यात डर्ट बाइकवर ठरावीक साधने बसवून, तपासणी करून घेऊन ती रस्त्यासाठी नोंदवता येते. कॅलिफोर्निया मात्र रस्त्याच्या प्रदूषण निकषांचे प्रमाणपत्र नसलेल्या गाडीला ही मुभा देत नाही. ब्रिटनमध्ये एकेका दुचाकीची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देणारी ‘मोटारसायकल सिंगल व्हेइकल अप्रूव्हल’ ही पद्धत आहे. भारतात ट्रॅकसाठी विकत घेतलेली एकच गाडी सामान्य मालकाने स्वतः संपूर्ण चाचण्यांतून नेऊन रस्त्यासाठी मान्य करून घ्यावी, असा व्यवहार्य मार्ग नाही. म्हणूनच तिकडच्या चित्रफितीतील सल्ला इकडे उपयोगी पडत नाही.

अपघात झाला तर

विनानोंदणी गाडी चालवल्यास कलम १९२ नुसार पहिल्या खेपेस दोन ते पाच हजार रुपये दंड होतो. पुन्हा सापडल्यास पाच ते दहा हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा नसल्याबद्दल कलम १९६ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा दंड एक वेळ परवडेल. अपघाताची भरपाई परवडणारी नसते.

कलम १४६ ने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे, तो गाडीच्या मालकापेक्षा रस्त्यावरच्या इतरांसाठी. नोंदणी नसलेल्या डर्ट बाइकला हे कवच नसते. तिची धडक बसून कोणी दगावले वा कायमचे अपंग झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई चालक आणि मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. ती न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. पैसे नसतील, तर जखमीचे कुटुंब रिकाम्या हाताने परतते; कायद्याच्या दृष्टीने ते जिंकलेले असले तरी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबतही न्यायालयाची भूमिका कडक आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग प्रकरणात म्हटले.

लहान मुलांसाठी मिळणाऱ्या छोट्या डर्ट बाइकबाबत पालकांनी अधिक सावध राहायला हवे. अल्पवयीन मुलाने सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवून गुन्हा केल्यास कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. सोसायटीबाहेरचा रस्ता, गावाबाहेरची पायवाट किंवा शहरालगतची टेकडी ‘रस्ता नाही’ म्हणून मोकळी, हा समजही चुकीचा आहे. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा कायद्याच्या लेखी सार्वजनिक ठिकाण असते. वनजमिनीवर तर वनखात्याचे निर्बंध वेगळे असतात.

आडमार्ग आणि सरळ मार्ग

जुन्या, भंगारात निघालेल्या गाडीचे आरसी बुक आणि क्रमांक घेऊन तो डर्ट बाइकवर लावण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक कागदाशी जुळत नसल्याने ही चलाखी पहिल्याच बारकाईच्या तपासणीत उघडी पडते. क्रमांक खोडून नवे कोरले असतील, तर प्रकरण वाहतूक नियमभंगापुरते न राहता बनावटगिरीच्या गुन्ह्यापर्यंत जाते.

सरळ मार्ग दोन आहेत. शर्यतीची ओढ असेल, तर मोटोक्रॉसची गाडी जरूर घ्यावी; मात्र ती टेम्पोत किंवा ट्रेलरवर घालून ट्रॅकवर न्यावी आणि तशीच परत आणावी. माती आणि रोजचा रस्ता दोन्ही हवे असतील, तर मुळातच दुहेरी वापरासाठी मान्यता घेतलेली गाडी निवडावी. रॉयल एन्फील्ड हिमालयन २०१६ मध्ये व एक्सपल्स २०१९ मध्ये आली. कावासाकी केएलएक्स २३० ही २०२४ च्या अखेरीस आणि केटीएम ३९० एंड्युरो आर २०२५ मध्ये भारतात दाखल झाली. केएलएक्स २३० घेताना नावातील अक्षरांकडे नीट पाहावे; तिच्याच कुटुंबातील ‘आर’ गटातील गाड्या दिवे-आरसे नसलेल्या, केवळ ट्रॅकसाठीच्या आहेत. अशा गाडीवर हँडगार्ड, इंजिनाखालची संरक्षक पट्टी किंवा निर्मात्याने मान्य केलेल्या मापाचे टायर इतपतच बदल करावेत आणि विमा कंपनीला त्याची लेखी कल्पना द्यावी.

दुकानात गाडीवर बसून पाहण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: फॉर्म २१ बरोबर फॉर्म २२ मिळणार का? उत्तर ‘हो’ असेल, तर आरटीओची वाट मोकळी आहे. उत्तर टाळाटाळीचे असेल आणि सोबत ‘दिवे आम्ही लावून देऊ’ असे आश्वासन मिळत असेल, तर ती गाडी ट्रॅकचीच आहे, असे समजून निर्णय घ्यावा.