मेंदूचे चित्र आणि मूत्राशयाचा हिशेब

मे 1983 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे हेन्री वॅग्नर यांच्या मेंदूतील डोपामिन-रिसेप्टरांची प्रतिमा पेट स्कॅनने घेण्यात आली. संशोधक स्वतःच प्रयोगाला बसला, म्हणून ही घटना कौतुकाने सांगितली जाते. आमचे लक्ष मात्र तिच्या कमी सांगितल्या जाणाऱ्या बाजूकडे जाते. शिरेतून सोडलेल्या किरणोत्सारी ट्रेसराचा थोडाच अंश मेंदूत पोचतो. उरलेला यकृत, पित्ताशय, आतडी, मूत्राशय असा देहभर हिंडतो. चित्र मेंदूचे निघते. किरणांची मात्रा सोसतात हे बाकीचे. (मात्रा हा शब्द आपल्या परिचयाचा वृत्तविचारातून, येथे तो शोषलेल्या ऊर्जेचे माप आहे.)

निरोगी स्वयंसेवकाला अशा स्कॅनपासून उपचाराचा लाभ नसतो. म्हणून त्याला किती द्यावे, हा प्रश्न नीतीचा होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1975 मध्ये अशा संशोधनासाठी मर्यादा आखल्या: प्रौढाच्या संपूर्ण शरीरास एका वेळी 3 रेम आणि बहुतेक अवयवांस 5 रेम, म्हणजे आजच्या एककात 30 व 50 मिलिसीव्हर्ट. परिणामी सर्वाधिक सोसणारा अवयवच प्रयोगाची सीमा ठरवू लागला. फ्लोरिन-18 असलेल्या अनेक ट्रेसरांत तो मूत्राशय निघाला. लघवी करून या, ही साधी सूचना त्या हिशेबातूनच येते. कार्बन-11 तुलनेने सौम्य: अर्धायुष्य जेमतेम 20 मिनिटे, एका इंजेक्शनची प्रभावी मात्रा बहुधा दोन-तीन मिलिसीव्हर्टच्या आसपास. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिळतातच.

प्रारंभीचे अंदाज प्राण्यांवरून बांधले जात. पण प्रयोगशाळेतील रॅटला पित्ताशयच नसते. त्यावरून माणसाच्या पित्ताशयाचे काय सांगणार? म्हणून माणसावरच मोजणे आले. ट्रेसर दिल्यावर डोक्यापासून मांड्यांपर्यंत पुनःपुन्हा स्कॅन घ्यायचे, प्रतिमेत एकेका अवयवाची सीमा आखायची, वेळेगणिक तेथील किरणोत्सार नोंदवायचा. लोव्हिंजर व बर्मन यांनी 1968 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, अवयवातील एकूण विघटने गुणिले प्रत्येक विघटनातून पोचणारी मात्रा, असा हा गुणाकार.

त्यातला दुसरा गुणक मात्र कल्पित देहाचा. 1969 मध्ये स्नायडर व सहकाऱ्यांनी लंबगोल, दंडगोल, शंकू यांतून एक गणिती शरीर रचले. त्यात स्त्रीचे व पुरुषाचे, दोघांचेही अवयव होते. पुढे 1975 मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सार-संरक्षण आयोगाने 'संदर्भ-मानव' प्रसिद्ध केला: वय 20 ते 30, वजन 70 किलो, उंची 170 सेंटीमीटर, गोरा, राहणी पश्चिम युरोपीय वा उत्तर अमेरिकी. कादंबरीकारानेही पात्राला इतके नेमके पत्ते क्वचितच दिले असतील! आणि जगभरच्या स्वयंसेवकांची मात्रा या पात्राच्या देहावर बेतली गेली, हे आम्हांस अस्वस्थ करते.

2009 मध्ये आयोगाने प्रत्यक्ष माणसांच्या प्रतिमांवरून एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन संदर्भदेह प्रसिद्ध केले. प्रभावी मात्रा काढताना दोघांच्या अवयवांची सरासरी घेतली जाते, आणि येणारा आकडा त्या दोघांपैकी कोणाचाच नसतो.