तैलरंगातील व्यक्तिचित्र : कसे घडते, कसे जपावे

बडोद्यात तैलचित्र म्हटले की राजा रविवर्मा (१८४८–१९०६) आठवतात. दिवाण सर टी. माधवराव यांच्या कारकिर्दीत, १८८१ च्या सुमारास ते येथे आले आणि महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे व्यक्तिचित्र त्यांनी रंगविले. त्यांची अनेक चित्रे महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये आहेत.

व्यक्तिचित्र थरांनी बनते. ताणलेल्या कॅनव्हासवर अस्तर देऊन कोळशाने चेहऱ्याची मापे घेतात. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगात छाया-प्रकाशाचे मोठे भाग मांडतात. डोळे, ओठ यांचे बारकावे शेवटी येतात. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त, हा मुख्य नियम. तो मोडल्यास वरचा थर आधी सुकतो आणि पुढे चित्राला तडे जातात. तैलरंग सावकाश सुकतो, त्यामुळे त्वचेच्या छटा एकमेकींत मिसळता येतात. शेवटचे व्हार्निश साधारण सहा महिने ते वर्षभराने देतात.

आपल्यापैकी काहींच्या घरी पणजोबा-पणजींची तैलचित्रे आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ती ओल्या फडक्याने, साबणाने किंवा कापलेल्या बटाट्याने पुसू नयेत. रंग सुटू शकतो. ओल येणारी भिंत, ऊन व समईची काजळी टाळावी. पोपडे सुटत असतील तर घरी डागडुजी न करता चित्र-संवर्धकाला दाखवावे. आणि चित्रातील व्यक्तीचे नाव, नाते व साल चिठ्ठीवर लिहून चौकटीच्या मागच्या लाकडावर लावावे. चित्र टिकले आणि नाव विसरले, तर पुढच्या पिढीला ते परक्याचेच वाटेल.