तळटीप १४ : रिंग चाती

१४. रिंग चाती : गिरणीतील सूतकताईच्या यंत्राची एक चाती. सॅम्युअल क्रॉम्प्टन यांच्या ‘म्यूल’ यंत्रात (१७७९) आधी धागा ओढून पीळ दिला जाई, मग तो गुंडाळला जाई. गुंडाळताना कताई थांबे. रिंग पद्धतीचे मूळ जॉन थॉर्प यांच्या १८२८च्या अमेरिकी एकस्वात आहे. हिच्यात चातीभोवतीच्या कड्यावरून तारेची छोटी आकडी फिरते. त्यामुळे पीळ आणि गुंडाळणी एकाच वेळी, अखंड चालतात. लँकेशायरच्या गिरण्या म्यूलवरच विसंबून असताना जमशेटजी टाटा यांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (स्थापना १८७७) ही चाती धाडसाने स्वीकारली. वरच्या परिच्छेदातील ‘नागपूरची नवी यंत्रे’ ती हीच.