वडगाव ते सालबाई : दोन तहांचा धडा



लोणावळ्याहून पुण्याला जाताना मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव ही स्टेशने आपण नेहमी पाहतो. याच वाटेवर जानेवारी 1779 मध्ये एक लढाई झाली आणि एक तह झाला. लढाईचे वर्णन आपण आवडीने वाचतो. तहाची कलमे मात्र परीक्षेपुरती पाठ करतो. वास्तविक शिकण्यासारखे पुष्कळसे तहातच आहे.

रघुनाथरावांना पुण्याच्या सत्तेवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे 3,900 सैनिकांची फौज बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रू असूनही त्याचे शौर्य पाहून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले. 9 जानेवारीला इंग्रज तळेगावी पोहोचले, तेव्हा गाव जळून ओस पडले होते. शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनीच ते पेटविले होते. डावपेच यशस्वी झाला. पण घरे जळाली ती मावळच्या रयतेची, हे विसरू नये.

माघार घेणारी फौज वडगावला कोंडली गेली आणि इंग्रजांनी तह केला. साष्टी परत द्यावी, रघुनाथरावांना हवाली करावे, बंगालहून निघालेली फौज थांबवावी, असे ठरले. दोन इंग्रज ओलीस राहिले. परंतु सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता. मुंबईच्या कौन्सिलने आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तह झिडकारला. युद्ध पुन्हा पेटले. 1781 मध्ये जनरल गॉडर्डची फौज खंडाळ्यापर्यंत आली आणि तिलाही मागे हटावे लागले. दोन वर्षांत मावळाने दुसऱ्यांदा फौजा पाहिल्या.

अखेर 17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला. या वेळी महादजी शिंदे मध्यस्थ होते, आणि दोन्ही पक्षांनी तह पाळावा म्हणून जामीनही तेच राहिले. इंग्रजांनी वसई सोडली, रघुनाथरावांचा पक्ष सोडला. मराठ्यांनी साष्टीवरील हक्क सोडला. दोघांनीही काही गमावले, म्हणूनच तह टिकला. मराठे व इंग्रज यांच्यात सुमारे वीस वर्षे युद्ध झाले नाही.

मात्र त्यातही एक उणीव होती. या युद्धात हैदरअली मराठ्यांच्या बाजूने इंग्रजांशी लढत होता. तरी त्याने जिंकलेला मुलूख सोडावा, असे कलम त्याच्या सहीवाचून तहात घातले गेले. डिसेंबर 1782 मध्ये हैदरअली वारला. त्याचा मुलगा टिपू लढत राहिला आणि 1784 मध्ये मंगळूरला त्याचा वेगळा तह झाला. ज्याला बैठकीत जागा नाही, त्याच्यावर शांततेचा कागद बंधनकारक कसा होणार?

वाचकहो, 1945 च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेने वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, लवाद हेच मार्ग सर्व राष्ट्रांपुढे ठेवले. जानेवारी 1966 मध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांच्या मध्यस्थीने भारत व पाकिस्तान यांनी ताश्कंदला करार केला. भारताच्या शिष्टमंडळात आपले यशवंतराव चव्हाणही होते. दोन्ही सैन्ये मागे गेली. तरीही 1971 मध्ये पुन्हा युद्ध झालेच. शांतता एका सहीने कायमची होत नाही. ती सतत राखावी लागते.

हे केवळ राष्ट्रांपुरते नाही. मोहल्ल्यात किंवा गावात वाद उठला, तर तीन प्रश्न विचारा : बोलणाऱ्याला अधिकार आहे काय? दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला मध्यस्थ आहे काय? ज्याचे नुकसान होणार, तो बैठकीत आहे काय? पालकांनी मुलांना एकदा वडगावला अवश्य न्यावे. तेथे विजयाची कथा सांगावीच. पण तळेगावची जळालेली घरे आणि न टिकलेला तह यांचीही सांगावी.