पट्ट्यावरचा पत्ता

२०२४ च्या जुलै महिन्यात निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावात एका काळ्या कुत्र्याची मिरवणूक निघाली. गळ्यात हार घातला, वाजतगाजत गावातून फिरवले आणि वर गावजेवणही घातले. कुत्र्याचे नाव 'महाराज'. हे महाराज जूनच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या धन्याच्या मागोमाग पायी वारीला निघाले. यमगर्णी ते पंढरपूर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. भजन म्हणत चाललेल्या मंडळींबरोबर तेही पंढरीला पोचले आणि विठोबाचे दर्शन होईपर्यंत त्या गर्दीत हरवले. धन्याने शोधाशोध केली, सापडला नाही. १४ जुलैला ते घरी परतले, आणि दुसऱ्याच दिवशी पाहतात तर महाराज दारात शेपूट हलवीत उभे! एकटे, अडीचशे किलोमीटर तुडवून, आणि खाऊनपिऊन धडधाकट.

ही बातमी तेव्हा देशभर छापून आली. कुणी म्हणाले विठोबाची कृपा, कुणी म्हणाले घ्राणेंद्रिय. दोघांशीही माझे भांडण नाही. मला मात्र त्या बातमीतले एक वेगळेच वाक्य महत्त्वाचे वाटले. धनी शोधत फिरत असताना तिथल्या लोकांनी त्यांना सांगितले, तो कुत्रा दुसऱ्या मंडळींबरोबर निघून गेला. म्हणजे लोकांनी त्याला पाहिले होते. तो इतका धडधाकट परतला म्हणजे वाटेत कुणी ना कुणी त्याला भाकरतुकडाही घातला असणार. पाहणारे होते, खाऊ घालणारे होते, पण 'हा यमगर्णीचा' हे त्यांना कुणी सांगायचे? कुत्र्याला घर ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते. माणसांना सांगता येत होते, पण घर ठाऊक नव्हते. या दोघांमधला दुवा म्हणजे गळ्यातला बिल्ला. चार आण्यांच्या आकाराचा हा पत्र्याचा तुकडा, पण त्याला इतिहास आहे आणि तो वाटतो तितका गोंडस नाही.

कुत्र्याचे नाव कोरून ठेवण्याची हौस आपल्या मुलखात जुनीच. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावी दहाव्या शतकाच्या मध्यातली एक शिळा होती, ती आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळची. गंग राजा बूतुग आपल्या मनलेर नावाच्या वीराला म्हणाला, माग काय हवे ते. या पठ्ठ्याने ना गाव मागितले ना सोने, 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागितला! पुढे त्या काळीची आणि एका रानडुकराची झुंज झाली, दोघेही मेले, आणि त्याची ही शिळा. इकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे, त्याची कथा तर सगळ्यांना ठाऊकच आहे. पण ही सारी नावे मेल्यानंतर दगडावर आली. जिवंतपणी गळ्यात नाव अडकवण्याची गोष्ट वेगळी, आणि ती मायेपोटी सुरू झालेली नाही.

रोमन साम्राज्याच्या अखेरच्या शतकांतले काही लोखंडी पट्टे सापडले आहेत. त्यांतला एक प्रसिद्ध आहे. त्याला लटकणाऱ्या बिल्ल्यावरच्या लॅटिन मजकुराचा आशय असा: मी पळालो आहे, मला धरा, झोनिनस या माझ्या धन्याकडे परत पोचवलेत तर सोन्याचे एक नाणे मिळेल. असले पट्टे कुत्र्यांचे असावेत असेही काहींना वाटले होते. ते गुलाम माणसांच्या गळ्यात ठोकलेले आहेत. आज आपण कुत्र्याच्या बिल्ल्यासाठी जो मजकूर सुचवतो त्याचा साचा हुबेहूब हाच आहे, मी हरवलो, मला अमक्याकडे पोचवा, बक्षीस मिळेल. वाचून अंगावर काटा येतो. असो.

आपल्याकडे या विषयाचे मोठे प्रकरण म्हणजे १८३२ सालची मुंबईतली दंगल. उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारायचा कंपनी सरकारचा नियम आधीपासून होता. त्या वर्षी ही मोहीम जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे. आता आठ आणे म्हटल्यावर कुणाचा कुत्रा बेवारशी आणि कुणाचा पाळलेला हे बघत कोण बसतो? लोकांच्या घरांतली, अंगणातली कुत्री ओढून नेली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे, प्रेताजवळ कुत्रा आणून त्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' हा त्यांचा विधी. ६ जूनला लोक रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि सरकारला फौज आणावी लागली. शेवटी कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायचे ठरले. दंगलीची कारणे आणखीही असतील, पण मुळाशी प्रश्न हाच होता की धनी असलेला कुत्रा ओळखायचा कशावरून?

याचे उत्तर कायद्याने पुढे दिले ते वाचण्याजोगे आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे ४४ वे कलम पाहा. पोलीस अधिकाऱ्याने जाहीर नोटीस काढली की रस्त्यावर मोकळ्या सुटलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या तोंडाला मुसके हवे. नसेल तर पोलिसांनी त्याला मारावे किंवा ताब्यात घ्यावे. पण ज्याच्या पट्ट्यावर कुणाचे नाव आणि पत्ता लिहिलेला असेल त्याला लगेच मारायचे नाही. त्या पत्त्यावर टपालाने वा अन्य मार्गाने कळवायचे आणि तीन दिवस वाट पाहायची. म्हणजे बघा, पत्ता असेल तर तीन दिवसांचे आयुष्य आणि एक पोस्टकार्ड. नसेल तर तेही नाही. हा कायदा झाला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. दिल्लीच्या १९५७ च्या महापालिका कायद्यात तर नोंदणी केलेल्या कुत्र्याच्या पट्ट्याला पालिकेने दिलेला धातूचा बिल्ला हवाच, अशी तरतूद आहे. हा बिल्ला सरकारने सरकारसाठी काढलेला. त्यावरच्या क्रमांकाचा रस्त्याने जाणाऱ्याला काडीचाही उपयोग नाही.

रस्त्याने जाणाऱ्यासाठी लिहिलेल्या बिल्ल्याची मला आवडणारी गोष्ट अमेरिकेतली आहे. १८८८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहराच्या टपाल कचेरीत ओनी नावाचा कुत्रा राहायला आला. त्याला टपालाच्या पिशव्यांचा नाद. पिशवी गाडीत चढली की हाही रेल्वेच्या डाकडब्यात चढे, आणि वाटेल तिथे जाई. तिथल्या कारकुनांनी मग त्याला एक पट्टा केला, त्यावर एवढेच: ओनी, टपाल कचेरी, ऑल्बनी, न्यूयॉर्क. गावोगावचे टपालवाले तो पत्ता वाचत, त्याला परतीच्या गाडीत बसवत आणि आपल्या गावचा एक बिल्ला त्याच्या गळ्यात अडकवत. शेवटी बिल्ल्यांचे ओझे इतके झाले की तिथल्या पोस्टमास्तर जनरलने त्याला ते लावायला अंगरखा शिवून दिला! १८९७ साली तो वारला, आणि आज वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे, बिल्ल्यांसकट. महाराजांप्रमाणेच हाही दिंडीतला प्राणी. फरक एवढाच की याच्या वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाला तो कुठला हे वाचता येत होते.

आता आपल्या जवळच्या मुलखात या. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने हिंडलगा, सुळगे मागे टाकले की उचगावचा फाटा लागतो. मळेकरणी देवीमुळे गोव्यातल्या पुष्कळांना हे गाव ठाऊक आहे, आणि तिथे भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनामुळे आम्हा लिहिणाऱ्यांनाही. याच रस्त्याने थोडे पुढे बाची आणि लगेच शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. माणसांनी या सीमेसाठी सत्तर वर्षे घालवली, कुत्रा ती एका सकाळी सशामागे धावत ओलांडतो. देवीच्या वाराला गोव्याच्या, कोकणाच्या, कोल्हापूरच्या गाड्या उचगावात येतात. त्यांच्या मागे लागून किंवा मुलांनी उचलून गाडीत घातल्याने इथले पिल्लू कुठेही पोचू शकते. अशा गावातल्या कुत्र्याच्या गळ्यात काय लिहावे?

पहिला प्रश्न लिपीचा. पश्चिमेला गेला तर मराठी वाचणारा भेटेल, पूर्वेला गेला तर कन्नड. गावाचे नाव दोन्ही लिप्यांत घालावे, अक्षरे तीन-चारच आहेत. आकडे मात्र इंग्रजीच हवेत, इथे भाषाभिमान बाजूला ठेवावा. मराठी १ हा घाईत पाहणाऱ्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि कन्नड एक तर असा वाटोळा की शून्याची शंका यावी. जुन्या बिल्ल्यांवर घरचा फोन असे. तेव्हा बेळगावचा कोड ०८३१ आणि आपल्या गोव्याचा ०८३२, एका आकड्याने कुत्रा राज्य बदलायचा! मोबाईलमुळे ही भानगड मिटली. पण क्रमांक दोन घालावेत, एक घरात थांबणाऱ्याचा. धनी शोधायला रानात गेलेला असतो आणि तिथे रेंज नसते.

कुत्र्याचे नाव घालावे का, यावर मतभेद आहेत. नाव कळले की चोराला हाक मारता येते, असे काहीजण म्हणतात. मला यात फार तथ्य वाटत नाही, सीमाभागातली निम्मी कुत्री मोती आणि वाघ्या याच नावाला ओ देतात. पण बिल्ल्यावर जागा कमी असते. नाव गाळले तरी चालते, क्रमांक नव्हे. औषध चालू असेल तर मात्र तो एक शब्द जरूर घालावा, म्हणजे सापडलेल्याला घाई कळते.

आणि हे कोरून कोण देणार? शहरात पाळीव प्राण्यांची दुकाने झाली आहेत, पण मी म्हणेन भांड्यांच्या दुकानात जा. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यावर, तांब्यावर टर्र्र आवाज करीत नाव कोरून देणारा माणूस प्रत्येक बाजारपेठेत असतो. आपल्या आया-आज्यांनी भांड्यांवर नावे घातली ती मिरवायला कमी आणि शेजारी गेलेले पातेले परत यावे म्हणून जास्त. कुत्र्याचा बिल्ला ही त्याच परंपरेतली वस्तू. स्टीलचा जाड पत्रा उत्तम. ॲल्युमिनियम मऊ, दगडामातीत घासून अक्षरे जातात. पितळ सुरेख दिसते, पण आपल्या पावसात काळे पडते. लटकता बिल्ला बहुधा कडीपाशी निसटतो, कारण ती स्वस्तातली पातळ कडी उकलते. त्यापेक्षा पट्ट्यावरच आडवी पट्टी रिव्हेट मारून बसवलेली बरी. ती वाजत नाही, कुंपणाच्या तारेत अडकत नाही. पट्टा नायलॉनचा घ्यावा, चामडे चोर्ला घाटाच्या दोन्ही अंगांना एका पावसाळ्यात कुजते. आणि पट्ट्याखाली दोन बोटे सरकली पाहिजेत. पिल्लाची मान वाढते, पट्टा वाढत नाही.

तुम्ही म्हणाल, आता चिपचे दिवस आहेत. खरे आहे. तांदळाच्या दाण्याएवढी चिप खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवतात, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. चोरीच्या तंट्यात मालकी सिद्ध करायला तिच्यासारखे साधन नाही. पण ती वाचायला यंत्र लागते, आणि शिनोळीच्या चहाच्या टपरीवर ते नसते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून कुत्र्याला चिप सक्तीची झाली, तरी सार्वजनिक जागी पट्ट्यावर नाव-पत्ता हवा हा १९९२ चा आदेश त्यांनी रद्द केला नाही, तो उगाच नव्हे.

आपल्या गोव्यात २०१३ पासून रेबीजविरोधी लसीकरणाची मोठी मोहीम चालली. लस टोचलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढलेला तुम्ही पाहिला असेल. नसबंदी केलेल्या कुत्र्याचा कान किंचित कापलेला असतो. तसेच गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. या साऱ्या खुणा खात्याने खात्यासाठी केलेल्या आहेत. टोचले की नाही, कापले की नाही, नोंदले की नाही एवढे त्या सांगतात. कुणाचा, हे सांगत नाहीत. गंमत म्हणजे २००१ च्या केंद्रीय नियमावलीत कान कापण्याबरोबरच कुत्र्यांना बिल्ला किंवा नायलॉनचा पट्टा देता येईल असेही म्हटले होते. गावातल्या सार्वजनिक कुत्र्यालाही, ज्याला चार घरे जेवायला घालतात पण धनी कुणी नाही, असा पट्टा घालायला हरकत नाही. त्यावर देवळाच्या पुजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा क्रमांक चालेल, त्यांना विचारून.

बिल्ला एकदा घातला की काम संपले असे मात्र नाही. दर दिवाळीला भांडी घासायला काढतो तेव्हा त्यावरूनही अंगठा फिरवावा आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय तो क्रमांक वाचायला सांगावा. वाचता आला नाही तर पुन्हा त्या भांडीवाल्याकडे.